रुग्णालयात दाखल होताना

सोनगीरकरांना जवळचे मोठे शासकीय रुग्णालय म्हणजे धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालयाचे. महामार्गावर अपघात झाल्यास कागदपत्रांसाठी घरी परतू नये. जीव वाचविणे आधी, पोलिसी सोपस्कार नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच बजावले आहे. केसपेपर सोबतच्या माणसाने काढावा.

धुळ्यासह आठ जिल्ह्यांत २०१२ साली सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. तिच्यासाठी आरोग्यमित्राला शिधापत्रिका व आधारकार्ड दाखवावे लागते. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून मंजुरी मिळते, कागद मागाहून देता येतात. मात्र दोन्हींवरील नावे जुळली नाहीत, तर काम अडते. ती आपण आजच ताडून पाहावीत, ही आमची आग्रहाची विनंती.