टेन रागाज टू अ डिस्को बीट

‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ : मुंबईचे वादक चरणजित सिंग यांची, एचएमव्हीने १९८२ साली काढलेली ध्वनिमुद्रिका. निघाली तेव्हा तिला फारसे कोणी विचारले नाही. २०१० मधील पुनर्प्रकाशनानंतर मात्र जगभरच्या नृत्यसंगीताच्या चर्चेत ती जाऊन बसली.

चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले गिटार व सिंथेसायझरवादक. शंकर-जयकिशन, राहुल देव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडे त्यांनी वाजवले. ‘कुर्बानी’ (१९८०) हा चित्रपट आणि ‘डिस्को दीवाने’ (१९८१) ही ध्वनिमुद्रिका यांनी डिस्कोचा ठेका घरोघर पोचवला होता. तोच ठेका घ्यायचा, तबला बाजूला ठेवायचा आणि वर राग वाजवायचा, एवढीच त्यांची कल्पना. त्यासाठी सिंगापूरहून आणलेली रोलँड कंपनीची तीन यंत्रे जोडली : सुरावटीला ज्युपिटर-८, तालाला टीआर-८०८ आणि खर्जाला टीबी-३०३. ध्वनिमुद्रण दोन दिवसांत उरकले.

यातले टीबी-३०३ महत्त्वाचे. सरावाला बेस गिटारवाला मिळाला नाही, तर त्याची जागा भरावी म्हणून ते १९८१ साली बाजारात आले. आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता. १९८४ साली त्याचे उत्पादन थांबले. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय मात्र त्यात होती. कारखान्याने ती बेसवादकाच्या बोटांची नक्कल म्हणून दिली. रागदारीच्या कानाला ती मींड वाटली तर नवल नाही. या तबकडीतला खर्ज म्हणूनच नुसता ठोके देत नाही, वळसे घेतो.

जाणकारांनी नाक मुरडावे असेही इथे पुष्कळ आहे. पहाटेचा ललत आणि मध्यरात्रीचा मालकंस एकाच ठोक्यावर चालतात, प्रत्येकाला जेमतेम पाच मिनिटे. मैफल ज्या भैरवीने संपते, तिनेच तबकडी सुरू होते; शेवट बैरागीने.

१९८७ मध्ये शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाने टीबी-३०३ हेच यंत्र वापरून ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढले आणि ‘ॲसिड हाउस’ हा नृत्यसंगीताचा प्रकार रूढ झाला. पुढे डच संग्राहक एडो बाउमन यांना चरणजित सिंग यांची तबकडी दिल्लीत सापडली. ते मुंबईत त्यांना भेटले आणि आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या ध्वनिमुद्रिका कंपनीतर्फे त्यांनी ती पुन्हा काढली. १९८२ साल वाचून काहींना ही कोणा आधुनिक संगीतकाराची बनवाबनवी वाटली. उलट काहींनी सिंग यांना थेट ॲसिड हाउसचे जनक ठरवले. तेही अतिशयोक्तच : आधी त्यांनी केले हे खरे, पण शिकागोने त्यांचे ऐकून केले असे दिसत नाही. एकच यंत्र दोन शहरांत दोघांच्या हाती पडले.

सत्तरी ओलांडलेल्या सिंग यांना युरोपातून कार्यक्रमांची बोलावणी आली आणि तिथल्या तरुण श्रोत्यांपुढे त्यांनी हेच राग पुन्हा वाजवले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.