कोशातले इंग्रजी आणि कचेरीतले इंग्रजी

रायपूरच्या सदर बाजारात सराफांची पेढी चालविणारा मनुष्य सोन्याचा तुकडा हाती घेतला म्हणजे प्रथम त्याचा कस पाहतो, वजन मागाहून. शब्दांच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो. खात्याची परीक्षा जवळ आली की आमच्यातील पुष्कळ मंडळी बड्या बड्या इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करू लागतात, आणि यादी जितकी लांब तितके इंग्रजी उच्च असा समज करून घेतात. हा समज आजचा नव्हे. मराठी माणसाने इंग्रजी शब्दभांडार कसे उभे केले याचा इतिहास थोडा चाळला, तर तो कोठून आला आणि त्यात उणे काय राहिले हे दिसून येते.

या इतिहासाच्या प्रारंभीच एक गंमत आहे. ज्या थोर कोशाच्या आधाराने मराठी विद्यार्थी इंग्रजीच्या वाटेला लागला, तो त्याच्यासाठी रचलेलाच नव्हता. जेम्स मोल्सवर्थ, तसेच जॉर्ज आणि थॉमस कँडी हे बंधू, या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी ब्राह्मण शास्त्र्यांच्या साहाय्याने सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला. त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती 1857 ची. परक्या अधिकाऱ्याला रयतेची भाषा कळावी, हा त्याचा हेतू. इंग्रजी-मराठी कोशाचे कामही मोल्सवर्थनेच आरंभिले होते. प्रकृतीमुळे त्याला ते सोडावे लागले आणि थॉमस कँडीने ते 1847 मध्ये पुरे केले. इंग्रजाने मराठी शिकण्यासाठी बांधलेल्या पुलावरून मराठी माणूस उलट दिशेने चालत गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

मधल्या काळात, 6 जानेवारी 1832 रोजी, बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले. पानावर एका रकान्यात इंग्रजी आणि शेजारच्या रकान्यात मराठी. इंग्रजी शिकू पाहणाऱ्या तरुणाला यापरते उत्तम साधन कोणते? शब्द एकटा भेटत नसे. तो वाक्यात, वृत्तांतात, वादात भेटे आणि डोळा किंचित वळविला की त्याच आशयाचे मराठी समोर उभे राही. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांत हीच वाट पायऱ्या पाडून सोपी केली. पाठमालेची थट्टा करण्याची हल्ली रीत पडली आहे. तिच्यातील वाक्ये कित्येकदा कोरडी असतात हे खरे. परंतु वाक्याबाहेर शब्द नाही, एवढे तिने विद्यार्थ्याच्या मनावर पक्के बिंबविले, हे तिचे ऋण थट्टेने फिटणारे नव्हे.

संख्येचा विचार शास्त्रीय रीतीने केला तो पुढे मायकेल वेस्ट या शिक्षणाधिकाऱ्याने. तोही आपल्याच देशात, ढाक्यास. बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावे यासाठी कोणते शब्द आधी शिकवावेत, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. वारंवार येणारे शब्द वेचून क्रमाने पुस्तके रचावीत ही त्याची पद्धती. 1953 साली त्याची सुमारे 2000 शब्दांची सुप्रसिद्ध यादी निघाली. तिच्या पुढची पायरी म्हणून 2000 साली ॲव्हरिल कॉक्सहेड या विदुषीने विद्याविषयक ग्रंथांत वारंवार येणारी 570 शब्दकुळे निवडून दिली. 'उच्च' म्हणविल्या जाणाऱ्या इंग्रजीचा गाभा केवढा लहान आहे, हे या आकड्यांवरून ध्यानात यावे. आमचे परीक्षार्थी ज्या दुर्मिळ शब्दांमागे रात्री जागवितात, त्यांतील बहुतेक या गाभ्याच्या पार बाहेरचे असतात.

पण रायपुरात राहणाऱ्या मराठी कुटुंबापुढे याहून निराळीच अडचण आहे, आणि माझ्या मते तीच अधिक गंभीर आहे. येथील मुलाच्या हाती पडतो तो इंग्रजी-हिंदी कोश. 'ऑब्जेक्शन' शब्दापुढे त्याला 'आपत्ति' असा अर्थ मिळतो. घरी आजीच्या तोंडी 'आपत्ती' म्हणजे संकट. 'अमेंडमेंट' म्हणजे 'संशोधन' असे तो पाठ करतो. वडिलांच्या मराठी पुस्तकात संशोधन म्हणजे नव्या ज्ञानाचा शोध. 'एज्युकेशन'ला 'शिक्षा' म्हणावे, तर घरात शिक्षा होते ती खोडी केल्यावर! वर मी लिहिलेले 'हरकत नाही' हे शब्दसुद्धा हिंदी वाचकाला चमत्कारिक वाटतील, कारण त्याच्याकडे हरकत म्हणजे कृती, किंबहुना वात्रटपणा. एका इंग्रजी शब्दाच्या पायाशी अशा रीतीने दोन भाषांची जमीन येते आणि ती सारखी नसते. मूल मग सोपा मार्ग पत्करते. इंग्रजी शब्द तसाच ठेवते आणि मराठी शब्द सोडून देते. इंग्रजी वाढले असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात घरातील एक शब्द उणा झालेला असतो.

या नगरीने हा प्रश्न पूर्वीही पाहिला आहे. 1818 नंतर कॅप्टन ॲग्न्यूने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपुरास आणले, आणि 1854 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजीचा अंमल सुरू झाला. याच रायपुरात शिकलेले माधवराव सप्रे हे घरचे मराठी. त्यांनी 1900 साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले, पुढे दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने इंग्रजी शास्त्रीय शब्दांचा हिंदी कोश सिद्ध केला, त्यातील अर्थशास्त्राचा विभाग सप्र्यांचा. इंग्रजी, हिंदी आणि मराठी या तिन्ही भाषांतील शब्दाचा कस त्यांना ठाऊक होता. मराठी सोडून ते हिंदीचे झाले नाहीत. मराठीची शिदोरी घेऊन झाले. येथे बदलून आलेल्या आपल्यासारख्यांनी हा भेद नीट लक्षात घ्यावा.

स्वातंत्र्यानंतर रायपूर ज्या जुन्या मध्यप्रदेशात होते, तेथे हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. नागपुरास डॉ. रघुवीर यांनी इंग्रजी शब्दांना संस्कृतोद्भव प्रतिशब्द घडविले, त्यामागे अशा भिन्नभाषी कारभाराला एकच परिभाषा लाभावी हीही दृष्टी होती. काही शब्द रुळले, काहींचे हसे झाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ वेगळा झाला आणि ती जोडीही सुटली.

तेव्हा शब्द वाढवावयाचे ते कसे? माझ्या परिचयाच्या एका वरिष्ठ कारकुनाची वही मला यापेक्षा अधिक काही शिकवून गेली. प्रत्येक पानावर कचेरीच्या नस्तीत आढळलेले एक पूर्ण इंग्रजी वाक्य, त्याखाली हिंदी, त्याखाली मराठी. वर्षभरात तीनशेच्या आसपास वाक्ये, अधिक नाहीत. पण त्यांच्या टिपणात कोणी साहेबाने शब्द बदललेला मी पाहिला नाही. मोल्सवर्थही शब्दापुढे केवळ अर्थ देऊन थांबत नसे. म्हणी, वाक्प्रचार, बोलण्याची ढब हेही खाली नोंदवीत असे. त्याचा कोश 1975 साली पुण्यास पुन्हा छापला गेला, आणि आता तर तो संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येतो.