डंबा: विळ्याच्या चटक्याची कुळकथा
फेब्रुवारी 2025 मध्ये चिखलदरा तालुक्यात 22 दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे 65 चटके आढळले. बाळाला श्वासाचा त्रास होता. मेळघाटात या इलाजाला डंबा म्हणतात. तान्ह्याचं पोट फुगलं, त्यानं दूध सोडलं, की घरच्यांना आधी तोच आठवतो.

विळा एकट्या मेळघाटाचा नाही. गुजरातेत डाम देतात, मध्य प्रदेशात शहडोलकडे दगना. आमच्या कळमेश्वरकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावून खांदशेकणी होते. तोच खांदा सुजला तर जुने लोक डागणी देत. आणि सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला 12वा अध्याय तर अख्खा अग्निकर्माचा! कातडी डागायला पिंपळी, बकरीची लेंडी, गाईचा दात, सळई. मांस डागायला धातूची हत्यारं. लोकांचा इलाज ग्रंथात गेला असेल, किंवा ग्रंथातला लोकांत आला असेल. मला मोलाची वाटते ती त्याच अध्यायातली मनाई. दुर्बळ, म्हातारा, भित्रा आणि बालक यांना डागू नये, असं तिथं स्पष्ट सांगितलंय. आग पाड्यापर्यंत आली, मनाई वाटेतच राहिली.

रसेल आणि हिरालाल यांनी जाती-जमातींवरच्या 1916 च्या ग्रंथात मेळघाटातल्या कोरकू आदिवासींचे दोन पुजारी नोंदवलेत. भुमका गावदेवाचं करतो. पडिहाराच्या अंगात देव येतो. आता डंबा देणाऱ्यालाही बाहेरचे लोक सरसकट भुमकाच म्हणतात. तो पाड्यावरच राहतो, कोरकू बोलतो, मध्यरात्री उठून येतो. पोटातला वारा बहुतेक बाळांचा आपोआप सरतो, नाव मात्र विळ्याचं होतं. न्यूमोनिया तसा सरत नाही, वर भाजलेल्या कातडीतून जंतू शिरतात. भुमक्याला शिव्या देणं सोपं आहे. त्या रात्री दुसरं कोण येणार होतं, हे आधी विचारायला हवं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1990 च्या दशकात 39 गावांत याचं उत्तर उभं केलं. गावातल्याच बायांना नवजात बाळाचा श्वास मोजायला, जंतुदोष ओळखायला, जेंटामायसिनची सुई द्यायला शिकवलं. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: तुलनेच्या गावांपेक्षा नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. मेळघाटातल्या प्रत्येक पाड्याला अशी एक बाई हवी, तीही कोरकू बोलणारी, आणि तिच्या पिशवीतलं औषध कधी संपलेलं नसावं.