टकलावरचे उपाय : जुने आणि नवे

डोक्यावरचे केस जाऊ लागले की माणूस हवालदिल होतो, ही गोष्ट काही आजकालची नव्हे. इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमाराची 'एबर्स पपायरस' नावाची इजिप्तमधली वैद्यकाची गुंडाळी आहे. सिंह, पाणघोडा, मगर, मांजर, साप आणि रानबोकड यांची चरबी एकत्र करून टकलाला चोळावी, असे तिच्यात सांगितले आहे. आता सिंहाची चरबी काढून आणील त्याला केस असले काय नि नसले काय! रोमचा ज्युलियस सीझर मागचे केस पुढे विंचरी. आणि सिनेटने दिलेल्या मानांपैकी सदैव पानांचा मुकुट घालण्याचा मान त्याला सर्वांत आवडला, असे स्वेटोनियस लिहितो. आपल्या सुश्रुतसंहितेत 'इंद्रलुप्त' या विकारावर कातडीला टोचून गुंजांचा लेप द्यायला सांगितले आहे. माक्याचे तेल तर घरोघर असतेच.

पण केस जातात का? त्याचा पहिला धागा ग्रीक वैद्य हिपोक्रेटीस याच्या सूत्रांत सापडतो. खच्ची केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, असे तिथे म्हटले आहे. या एका वाक्याची नीट परीक्षा व्हायला दोन हजारांवर वर्षे जावी लागली! १९४२ साली अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन यांनी ती केली. अशा पुरुषांना पुरुषी संप्रेरक टोचले, तेव्हा ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस जाऊ लागले. म्हणजे संप्रेरकही हवे आणि आनुवंशही हवा. टोपीने किंवा पाण्याने टक्कल पडते असे आपण पारावर बोलतो, त्यात तथ्य नाही.

पुढचा धागा डोमिनिकन रिपब्लिकमधल्या खेड्यांत मिळाला. तिथे काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना पुरुष होत. १९७४ साली ज्युलिअन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी दाखवले की, पुरुषी संप्रेरकाचे अधिक तीव्र रूप बनवणारे विकर या मुलांत कमी असते. त्यांना मोठेपणी टक्कल पडत नसे. त्याच विकराला आवर घालणारे फिनास्टेराइड १९९२ साली अमेरिकेत प्रोस्टेट ग्रंथीसाठी आणि १९९७ साली पुरुषांच्या टकलासाठी मान्य झाले. गरोदर स्त्रीने मात्र त्यापासून दूरच राहावे. पोटातल्या मुलग्याला अपाय होऊ शकतो.

मिनॉक्सिडिलची गोष्ट अधिक गमतीची. ते रक्तदाबाचे औषध. रोगी घेऊ लागले, तर त्यांच्या तोंडावर नि हातांवर केस उगवू लागले! मग त्याचे डोक्याला लावायचे पाणी केले, ते १९८८ साली मान्य झाले. पण बघा, लावणे थांबवले की आलेले केस काही महिन्यांत पुन्हा जातात. 'एका बाटलीत कायमचे केस' म्हणणाऱ्या बाजारातल्या तेलवाल्याला हे विचारून पाहावे. मागचे केस पुढे रोवण्याची शस्त्रक्रिया नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५९ साली प्रसिद्ध केली. रोवलेला केस मूळ जागेचा स्वभाव सोडत नाही, हे तिचे मर्म.

शिक्षकबंधूंसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. मुलाच्या डोक्यावर रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडतो, त्याला आपण चाई म्हणतो. हे टक्कल नव्हे. शरीराचे संरक्षक दलच केसांच्या मुळांवर उलटते. चाई संसर्गाने होत नाही, तेव्हा त्या मुलाला वेगळ्या बाकावर बसवण्याचे कारण नाही. पुष्कळदा केस आपोआप परत येतात. मोठ्या माणसांतल्या तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिब हे औषध २०२२ साली अमेरिकेत मान्य झाले आहे. चट्ट्यावर खवले आणि तुटके केस दिसले, तर मात्र ती बुरशी असू शकते. ती एकाची दुसऱ्याला लागते आणि डॉक्टरांच्या गोळ्यांनी बरी होते.