खाडा आणि सांगावा : कागलच्या पंचतारांकित वसाहतीतील एकाकी मृत्यूचा पूर्वेतिहास

मृत्यूची वार्ता कोणी, कोणाला आणि किती वेळात कळवायची हे प्रत्येक समाजाने आपापल्या परीने ठरवून ठेवलेले असते, आणि ज्या काळात हे काम कोणाच्याच वाट्याला येत नाही त्या काळात माणसे कोणाच्या ध्यानात न येता मरतात. जपानमध्ये अशा मृत्यूला ‘कोदोकुशी’ म्हणजे एकाकी मृत्यू म्हणतात. १७ जानेवारी १९९५ च्या कोबे येथील भूकंपानंतर तात्पुरत्या घरांत एकट्या राहणाऱ्यांचे मृत्यू उघडकीस येऊ लागले, तेव्हा हा विषय तेथे सार्वजनिक चर्चेत आला. पुढे २००० मध्ये मात्सुदो शहरातील तोकिवादाइरा वसाहतीत एका रहिवाशाचा मृतदेह तब्बल तीन वर्षांनी सापडला, कारण भाडे आणि वीजबिल बँकेच्या खात्यातून परस्पर वळते होत होते आणि शिल्लक संपेपर्यंत त्याची चौकशी करण्याचे कारण कोणालाच पडले नव्हते. मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला भागातील सदनिकेत ऑगस्ट २०१७ मध्ये परदेशाहून आलेल्या मुलाला आईचा केवळ सांगाडा सापडला आणि त्या माय-लेकांचे शेवटचे बोलणे एप्रिल २०१६ मध्ये झाल्याचे समोर आले, तेव्हा महाराष्ट्रालाही हा प्रश्न परका राहिला नाही. तरीही या दोन्ही घटना बंद सदनिकेच्या आणि उतारवयाच्या आहेत. कागलच्या औद्योगिक वसाहतीच्या परिसरात जो एकटेपणा वाढला तो कमावत्या वयाच्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आणि रोज शेकडो माणसांबरोबर काम करणाऱ्या पुरुषाचा आहे, आणि म्हणूनच तो लवकर दिसत नाही.

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक क्षेत्र हे कोल्हापूर जिल्ह्याच्या या दोन तालुक्यांच्या जमिनीवर, पुणे-बंगळूर महामार्गालगत आणि कर्नाटकच्या सीमेजवळ वसलेले आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने पायाभूत सोयींच्या दर्जानुसार आपल्या काही मोठ्या क्षेत्रांना ‘पंचतारांकित’ ही श्रेणी दिली, आणि त्यांपैकी हे एक होय. कोल्हापूरच्या ओतकामाला आणि इचलकरंजीच्या कापडधंद्याला येथे ऐसपैस भूखंड मिळाले. या दोन्ही धंद्यांना लागणारे मनुष्यबळ आसपासच्या गावांनी पुरवले, आणि ते अपुरे पडले तेथे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा अशा दूरच्या राज्यांतून ठेकेदारांमार्फत कामगार आले.

या प्रदेशाच्या जुन्या गावगाड्यात माणूस मेल्याचे कळले नाही असे सहसा घडत नसे, पण त्यामागची व्यवस्था निर्मळ नव्हती. मृत्यूचा सांगावा घेऊन परगावी पै-पाहुण्यांकडे पायी जाणे हे महार वतनदारांवर लादलेल्या कामांपैकी एक होते. वतन म्हणजे वंशपरंपरेने चालणारी सेवा, आणि या वतनात जमिनीच्या तुटपुंज्या तुकड्याच्या बदल्यात गावाची पडेल ती कामे करावी लागत. भावकी मातीला वेळेवर जमत असे ती या वेठीच्या पायपिटीवर. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात महार वतने रद्द करून त्या जमिनी रयताव्याने, म्हणजे सेवेच्या अटीविना शेतसाऱ्यावर, दिल्या. मार्च १९२० मध्ये, आज हातकणंगले तालुक्यात असलेल्या माणगावच्या परिषदेत त्यांच्या उपस्थितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे पुढे आले. आणि मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने संपली. सांगाव्याची सक्ती संपणे हा निखळ न्याय होता, आणि जुन्या गावाच्या आपलेपणाविषयी हळहळताना ही बाजू झाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मात्र जे काम सक्तीने करून घेतले जात होते ते स्वेच्छेने कोण करणार, याचे उत्तर नव्या काळाला शोधावे लागले.

त्यातले सर्वांत समर्थ उत्तर कोल्हापूरच्याच माणसांनी मुंबईत शोधले. चंदगड, आजरा, भुदरगड या डोंगरी तालुक्यांतून गिरणगावात गेलेले पुरुष कुटुंब गावी ठेवून गावकीच्या खोलीत राहत. ही खोली म्हणजे एका गावच्या किंवा पंचक्रोशीच्या लोकांनी वर्गणीने चालवलेली सामाईक जागा होती. पाळीनुसार तेथे माणसे झोपत, उठत, आणि एकाच्या वळकटीची जागा दुसरा घेई. जेवण खानावळवालीकडे असे, आणि ही बाई बहुधा गिरणी कामगाराचीच बायको किंवा विधवा असून महिन्याच्या बोलीवर ठरावीक माणसांना दोन वेळा जेवू घाली. या व्यवस्थेत दाटी होती, रोगराई होती, खाजगीपण तर नव्हतेच. पण जो माणूस सकाळी जेवायला आला नाही त्याची विचारपूस दुपारपर्यंत होई, कारण त्याचे ताट मांडलेले असे आणि त्याची उधारीही बाकी असे. खानावळवालीचा हिशेब आणि तिची माया यांची फारकत करता येत नाही, आणि तशी ती करू नये. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या स्त्रियांना सावकारी पाशातून सोडवण्याचे काम हाती घेतले, तेव्हा त्यांचे श्रम प्रथमच धंदा म्हणून मोजले गेले. पण कामगारांच्या जिवावर नजर ठेवण्याचे जे दुसरे काम त्या करीत होत्या, त्याची गणती कोणत्याही अहवालात झाली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरण्या मोडत गेल्या आणि त्यांच्याबरोबर या खोल्या व खानावळीही ओस पडल्या.

कागलच्या वसाहतीत गिरणगावची ही घडी पुन्हा बसली नाही. एकाच यंत्रावर शेजारी उभ्या असलेल्या दोन कामगारांची स्थिती येथे अगदी भिन्न असते. स्थानिक कामगार पाळी सुटताच दुचाकीवरून आपल्या गावी परततो, आणि त्याचे काही बरेवाईट झाले तर घटकाभरात गल्ली जमते, तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन होते, दुखवट्याला पाहुणे येत राहतात. परप्रांतीय कामगार मात्र ठेकेदाराने दाखवलेल्या खोलीत राहतो, स्वतः शिजवतो किंवा डबा लावतो, आणि सोबती पाळी बदलून किंवा काम सोडून गेले की कुलूप लावणारा व उघडणारा तो एकटाच उरतो. हजेरीपटावर त्याचा खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दिवस, नोंदला जातो; पण ती नोंद पगार कापण्यासाठी असते. माणूस न सांगता गावी गेला किंवा दुसऱ्या ठेकेदाराकडे लागला, असे धरून त्याच्या जागी दुसरा उभा केला जातो, आणि कामगार टिकत नाहीत या नित्याच्या अनुभवामुळे हा तर्क कोणाला निष्ठुरही वाटत नाही.

कायद्यांची रचनाही या फटीला हातभार लावते. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने कारखान्यातील प्राणांतिक अपघाताची सूचना देणे व्यवस्थापकावर बंधनकारक केले, आणि १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियमाने असा अपघात दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना व जवळच्या नातेवाइकाला कळवण्याचे कर्तव्य ठेकेदारावर टाकले. पण दोन्ही ठिकाणी प्रसंग अपघाताचा होता. खोलीत झोपेत थांबलेल्या हृदयासाठी १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाकडे वळावे लागते. त्या कायद्याने घरातील मृत्यूची कुटुंबप्रमुखाने, वसतिगृह किंवा धर्मशाळेतील मृत्यूची तेथील प्रमुखाने आणि सार्वजनिक जागी सापडलेल्या मृतदेहाची खबर गावच्या मुखियाने किंवा पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याने द्यावी असे ठरवले. ज्या खोलीत राहणारा एकच आणि मेलाही तोच, तेथे कुटुंबप्रमुख कोण, हे त्या यादीतून उमगत नाही. व्यवहारात दार तोडले गेल्यावर पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद होते, म्हणजे संशयास्पद वा अनैसर्गिक मृत्यूंसाठी असलेली चौकशी सुरू होते. आणि वारस न मिळालेल्या देहांपुरता १९४९ चा मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियम उरतो, ज्यान्वये असे देह वैद्यकीय महाविद्यालयांना देता येतात.

देहाची हेळसांड कोल्हापूर होऊ देत नाही, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे. पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका मोफत अंत्यसंस्कार करते आणि होळीला तालमी व तरुण मंडळे होळी लहान करून त्यासाठी शेणी दान देतात. जात, गाव, नाते न विचारता मेलेल्याला अग्नी देणारी ही परंपरा शाहूंच्या नगरीला साजेशीच आहे. उणीव आहे ती मृत्यू आणि दार तोडणे यांच्यामधल्या दिवसांची. मे २०२० मध्ये श्रमिक रेल्वेगाड्या सुटल्या तेव्हा परप्रांतीय कामगारांच्या नावनिशीवार याद्या प्रशासनाने अल्पावधीत केल्या, यावरून अशा कामगारांचा माग ठेवणे आवाक्याबाहेरचे नाही हे सिद्ध झाले आहे. लागोपाठ दोन पाळ्यांचा खाडा पडताच ठेकेदाराने खोलीवर माणूस पाठवावा, आणि हजेरीपटावर प्रत्येकाच्या नावापुढे गावाकडील दोन माणसांचे दूरध्वनी क्रमांक असावेत, एवढी तरतूद करण्यासाठी नवे खाते काढावे लागत नाही. तो हजेरीपट रोज प्रत्येक पाळीला भरला जातोच.