मासा किती शेरांचा? मुंबईतल्या वजनकाट्यांची गोष्ट

दादरच्या किंवा लालबागच्या मासळी बाजारात जरा थांबून बघा. पापलेट नगावर जातं, मांदेली-बोंबील वाट्यावर. बराचसा व्यवहार नजरेवरच होतो. पण हौसेने मासे गरवणाऱ्याचं नजरेवर भागत नाही. त्याला आकडा लागतो, आणि तो दुसऱ्यालाही पटावा लागतो. मग प्रश्न येतो: भरवशाचा काटा कोणता?

हा प्रश्न मुंबईला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईचा मण २८ पौंडांचा होता आणि त्याचे ४० शेर. म्हणजे एक शेर आजचे साधारण ३१८ ग्रॅम. बंगालचा शेर मात्र ८० तोळ्यांचा, सुमारे ९३३ ग्रॅम. आता २.८ किलोचा रावस घ्या. बंगाली मापाने तो ३ शेर, मुंबईच्या मापाने जवळजवळ ९! दोन्ही तराजू अगदी चोख असले तरी हा फरक राहणारच. कुठला शेर धरायचा हे ज्याच्या हातात, त्याचा फायदा. दुसरा नाडला जाणार.

यावर तोडगा निघाला तो स्वातंत्र्यानंतर. १९५६ मध्ये वजन-मापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला, ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आला आणि १९६२ पर्यंत शेर-मण व्यवहारातून कायद्याने बाद झाले. इथे आपल्या फोर्टमधल्या टांकसाळीचं काम मोठं आहे. नाणी पाडणाऱ्यांना वजनाची बारीक पारख असतेच. राज्याराज्यांच्या वजन-माप खात्यांना लागणारी प्रमाण वजनं तिथेच घडली. बाजारातलं वजन निरीक्षकाच्या वजनाशी ताडायचं, ते त्याहून वरच्या प्रमाणाशी, आणि असं करत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या ५७ क्रमांकाच्या किलोपर्यंत पोचायचं. काट्यावरचा विश्वास म्हणजे ही साखळी.

आता गळवाल्याचा काटा. खडकावर किंवा होडीत तराजू कोण नेणार? म्हणून ताणकाटा, म्हणजे स्प्रिंगचा काटा, किंवा इलेक्ट्रॉनिक काटा. तराजू एका वस्तुमानाची दुसऱ्याशी तुलना करतो. ताणकाटा मात्र पृथ्वीची ओढ मोजतो, आणि ही ओढ सगळीकडे सारखी नसते. लंडनमध्ये जुळवलेला ताणकाटा मुंबईत १० किलोच्या माशाला सुमारे २५ ग्रॅम कमी दाखवेल. हे तसं किरकोळ. खरा धोका स्प्रिंग सैल पडण्याचा आणि खाऱ्या हवेत गंजण्याचा. इलेक्ट्रॉनिक काट्याचंही ओलाव्याशी जमत नाही.

त्यामुळे नुसतं कंपनीचं नाव बघू नका. तुमचा नेहमीचा मासा काट्याच्या क्षमतेच्या मधोमध येईल असा काटा घ्या. ५० किलोच्या काट्यावर अर्ध्या किलोचा मासा तोलण्यात अर्थ नाही. मग घरी परीक्षा घ्या: १ लिटरची पाण्याची बाटली भरून आणि रिकामी, अशी दोनदा टांगा. फरक १ किलोच्या अगदी जवळ यायला हवा. तसंच २ आणि ५ बाटल्यांनी करा. वजन काढल्यावर काटा शून्यावर परततो का, तेही बघा. मासा पिशवीत तोलणार असाल तर ओल्या पिशवीचं वजन वजा करायला विसरू नका.

आणि मासा विकणार असाल, तर हौशी काटा चालत नाही. वैधमापन खात्याने पडताळून शिक्का मारलेलाच काटा लागतो. तुमच्यासमोरच्या गिऱ्हाईकाला ती साखळी घरी तपासता येत नाही. तो शिक्का त्याच्यासाठी असतो.