माडावरील कर आणि व्यक्तिस्वातंत्र्य : मालवण किनाऱ्यावरील अबकारीसंबंधी काही विचार

मद्याची किंमत करद्वारा वाढविणे न्याय्य आहे काय, या वादात व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न बहुधा पिणाऱ्याच्या बाजूनेच मांडला जातो. जॉन स्टुअर्ट मिल याने स्वातंत्र्यावरील आपल्या निबंधात (१८५९) तो तसाच मांडला होता. मद्य दुर्लभ व्हावे एवढ्याच हेतूने बसविलेला कर म्हणजे ज्याला वाढीव किंमत परवडत नाही त्याच्यापुरती बंदीच होय, असे त्याचे म्हणणे होते. तथापि सरकारला कुठून तरी उत्पन्न मिळवावयाचेच असल्याने, जास्तीत जास्त उत्पन्न देणाऱ्या मर्यादेपर्यंत मद्यावर कर असण्यास त्याची हरकत नव्हती. हा विचार इंग्लंडातील दुकानापुरता ठीक आहे. कोकणच्या किनाऱ्यावर मात्र तो अपुरा पडतो, कारण येथे कर प्रथम बसला तो पेल्यावर नव्हे, झाडावर.

तारकर्ली व देवबाग ही गावे समुद्र आणि कर्ली नदी यांमधील वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेली आहेत. माड हेच तेथील मुख्य झाड. माडाची पोय छेदून रस काढणे हा या किनाऱ्यावरील भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय. हा रस पहाटे गोड असतो, उन्हे चढली की आंबू लागतो. त्याचा गूळ होतो, शिर्का होतो, आणि तो गाळला तर दारूही होते. अशा बहुरूपी पदार्थाला 'मादक द्रव्य' या एकाच सदरात घालणे ही मुळातच कायद्याची गरज होती, बागेची नव्हे.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ही गरज पुरी केली. परवान्याशिवाय माड छेदणे हा गुन्हा ठरला आणि छेदावयाच्या प्रत्येक झाडामागे कर द्यावा लागू लागला. झाडाने रस किती दिला, तो विकला गेला की घरीच संपला, याच्याशी त्या कराला कर्तव्य नव्हते. मिलचा पिणारा निदान किंमत ऐकून दुकानातून परत फिरू शकतो. भंडाऱ्याला मात्र रसाचा थेंब मडक्यात पडण्यापूर्वीच परवाना घ्यावा लागे. उत्तर कोकणात १८८० च्या दशकात बागाइतदार व माडी काढणारे यांनी या कराविरुद्ध चळवळ केली ती याच कारणाने. १८९२ चा मोहा कायदा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांकरिता झाला. त्यात तर झाडाखाली गळून पडलेली फुलेसुद्धा सरकारच्या नजरेखाली आली.

किंमत वाढविणाऱ्या सरकारला शेजाऱ्याची किंमतही सांभाळावी लागते. मालवणच्या दक्षिणेस वेंगुर्ले, आणि त्याच्या पलीकडे तेरेखोल ओलांडली की पोर्तुगीज राज्य. २६ डिसेंबर १८७८ रोजी झालेल्या इंग्रज-पोर्तुगीज तहात मीठ व जकात यांच्याबरोबर अबकारीचाही समावेश होता, तो याच अडचणीमुळे असे आम्हांस वाटते. १८९२ च्या जानेवारीत तह संपला आणि दोन राज्यांचे दोन दर पुन्हा समोरासमोर उभे राहिले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने किमतीचा मार्गच सोडला. १९४९ च्या कायद्याने संपूर्ण दारूबंदी ठरविली व ती एप्रिल १९५० पासून अमलात आली. तिला बालसरा यांनी आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ च्या निकालात मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांवरील निर्बंध रद्द केले; बंदीचा गाभा मात्र कायम ठेवला. निकाल प्रसिद्ध आहे, त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आमच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट ही की, अर्जदार उपभोक्ता होता. माडी काढणाऱ्याच्या धंद्याचा प्रश्न त्या मागणीत नव्हता. त्याच्या वाट्यास आली ती नीरा. कायद्याने नीरेची व्याख्या न आंबलेला रस अशी केली व आंबणे थांबविण्याचा उपाय केलेल्या भांड्यातच तो काढला पाहिजे असे सांगितले. व्यवहारात हा उपाय म्हणजे मडक्याच्या आतून दिलेला चुन्याचा हात. भंडाऱ्याचे काम आणि अपराध यांमध्ये एवढेच अंतर उरले!

पुढे बंदी क्रमाक्रमाने शिथिल होऊन किंमत परत आली. १० जून २०२५ रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने घेतलेल्या निर्णयात देशी दारूवरील शुल्क प्रुफ लिटरमागे १८० रुपयांवरून २०५ रुपये करण्यात आले. त्याच निर्णयात १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किरकोळ किंमत देशी दारूस ८० रुपये, तर विदेशी पद्धतीच्या मद्यास २०५ रुपये ठरली. कोणी काय प्यावे याची उतरंडच सरकारने लावून दिली, असे म्हणावयास हरकत नाही. गोव्यातील मद्य स्वस्त असल्याने बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाड्यांची झडती होते. १८७८ च्या तहाने जी अडचण मिटवू पाहिली ती अद्याप तेथेच उभी आहे. तारकर्लीस येणाऱ्या पर्यटकास, खिशात पैसे असल्यास, तिची झळ क्वचितच लागते. त्यानेही पिण्याचा परवाना जवळ ठेवावा अशी कायद्याची अपेक्षा आहे, पण तो कोणी सहसा मागत नाही. माड छेदण्याचा परवाना मात्र झाडाखाली उभे राहूनच तपासता येतो.